जुन्या गाडीचे शॉकअप

करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला येणारी जुनी गाडी वळणावर तरंगते, ब्रेक दाबला की नाक खाली टेकवते. दोष बहुतेक वेळा शॉकअपचा. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी जिरवतं. सील गेलं की तेल बाहेर येतं. दांड्यावर नुसता ओलसर थर असेल तर घाई नको, पण ओघळ दिसला तर शॉकअप बदलायलाच हवा. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला असेल तर शॉकअप नक्की तपासावा. बॉनेट दाबून गाडी हलवण्याची चाचणी फक्त अगदी संपलेला शॉकअप पकडते.

आल्टो, वॅगन-आर, सँट्रो यांना पुढे स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. ती स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडणं जिवावर बेतू शकतं. हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावं. मागचे शॉकअप त्या मानाने सोपे.

बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदलावा. वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरोधक रबर त्याच वेळी नवं घालावं, नाहीतर लवकरच खडखड ऐकू येऊ शकते आणि मजुरी दुप्पट पडते. भंगारातला किंवा तेल भरून दिलेला शॉकअप स्वस्त वाटतो. मी तो घेणार नाही. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. पुढचे स्ट्रट काढले असतील तर अलाइनमेंटही करून घ्यावं.