मालिका संपली, आता ती घटका पुस्तकाला द्या

घरात रोज बघितली जाणारी एखादी मालिका संपते तेव्हा काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. भाकरी कधी टाकायची, भांडी कधी आवरायची, सगळा क्रम त्या अर्ध्या तासावर बांधलेला असतो. मालिका संपली की दोन-चार दिवस घर सुनं वाटतं. मग त्याच वेळेला चॅनेलवाले दुसरी काढतात आणि आवडो न आवडो, आपण तिच्यापुढे बसतो. बांधावर लक्ष ठेवलं नाही की शेजाऱ्याचा नांगर आत सरकतो, तसंच हे. मोकळी झालेली घटका आपण वापरली नाही तर दुसरा कोणी वापरतो.

ही घटका पुस्तकाला द्यावी, एवढंच आज सांगायचं आहे. टीव्ही वाईट, असं म्हणणं नाही. उलट 'पुढं काय झालं?' ही जी ओढ मालिकेनं लावली, तीच पुस्तकाला कामी येते.

मालिका आपल्याला नवी नाही

रोज थोडं ऐकायचं आणि उद्यासाठी थोडं राखून ठेवायचं, ही रीत आपल्या गावात टीव्हीच्या आधीपासून आहे. श्रावणात मंदिरात पांडवप्रताप, हरिविजय किंवा नवनाथाची पोथी लागायची. एक जण वाचायचा, गाव ऐकायचं. अध्याय संपला की उठायचं, ते उद्या परत यायचं ठरवूनच.

धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट तर सर्वांना माहीत असावी अशी आहे. १९३२ मध्ये विनोबा तिथे कैदेत होते. दर रविवारी ते गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला समाप्ती. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते सगळं उतरवून घेत होते. बोलणं संपलं, कैदी सुटून आपापल्या गावी गेले. मागे 'गीता प्रवचने' हे पुस्तक राहिलं आणि ते आजही मिळतं. गुरुजींनी त्या वेळी हातात लेखणी धरली नसती, तर ते शब्द त्या भिंतींच्या आतच राहिले असते.

बेचाळीस रात्रींचं पुस्तक

मालिकेची सवय झालेल्या घरानं सुरुवात कुठून करावी? साने गुरुजींच्याच 'श्यामची आई'पासून करा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले हे शिक्षक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी ते लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, 'रात्र' म्हटलं आहे. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस रात्री. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना एक आठवण सांगतो आणि थांबतो. म्हणजे भाग पाडलेलेच आहेत! रोज एक रात्र वाचली तर दीड महिन्याच्या आत पुस्तक पुरं होतं. स्वस्त आवृत्त्याही सहज मिळतात.

ज्या मायबहिणींनी २०१२-१३ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' बघितली, त्यांनी रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक मागावं. ते १९१० सालचं आहे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी घरातल्या बायकांचा विरोध सोसून अक्षरं कशी शिकली, हे तिच्याच शब्दांत आहे. आणखी एक गोष्ट. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत १८७९ मध्ये सरकारनं न्यायमूर्ती रानड्यांना धुळ्याला पाठवलं होतं. त्या धुळ्याच्या दिवसांबद्दलही रमाबाईंनी लिहिलं आहे. आपलं गाव पुस्तकात सापडलं की वाचणाऱ्याचा पाय तिथे जरा जास्तच रेंगाळतो.

'स्वराज्यरक्षक संभाजी' फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. तरुण मंडळींना शिवाजी सावंतांची 'छावा' (१९७९) किंवा विश्वास पाटलांची 'संभाजी' या कादंबऱ्या हातात घेता येतील. मात्र कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. अस्सल कागद काय बोलतात हे बघायचं असेल, तर इतिहासाचार्य राजवाड्यांचं दप्तर सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये स्थापन झालेलं संशोधन मंडळ आपल्या धुळ्यातच आहे.

वाचता येत नाही, दिसत नाही

'आम्हाला कुठं वाचता येतं?' असं कोणी म्हणेल. मग सातवीतल्या नातीला वाचू द्या आणि आजीनं ऐकावं. नातीचं वाचन सुधारेल, आजीची संध्याकाळ जाईल. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ऐकणारा माणूसही पुस्तकाचाच धनी असतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचं अक्षर पुसट दिसू लागतं. पुष्कळ जण 'आता वाचनात मन लागत नाही' म्हणतात, पण खरं तर त्यांना दिसतच नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा गावात शिबिर येईल तेव्हा डोळे तपासून घ्या. साध्या चष्म्यानं काम होतं.

सरपंच, ग्रामसेवक, इकडे लक्ष द्या

आता गावकारभाऱ्यांशी बोलायचं आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्या राज्यात गावोगाव ग्रंथालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. पण खेड्यातलं ग्रंथालय कधी उघडं असतं? माणसं शेतात असतात तेव्हा! संध्याकाळी लोक परततात, तेव्हा दाराला कुलूप. ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो, त्याला दिवसभर बसवणं शक्य नाही, हे मान्य. पण जे दोन तास बसायचं ते दिवेलागणीला बसलं तर?

बायका ग्रंथालयापर्यंत येतील, याची वाट बघू नका. पंचवीस पुस्तकांची पेटी बचत गटाच्या बैठकीला न्या. डेअरीवर दूध घालायला सगळं गाव येतं, तिथे एक फळी ठोका आणि नोंदवही ठेवा. ग्रंथालय नसलेल्या गावात शाळेच्या कपाटातली पुस्तकं पालकांना देता येतील का, हे मुख्याध्यापकांना विचारा. एखादं पुस्तक फाटलं, हरवलं तर आभाळ कोसळत नाही. कपाटात वाळवीनं खाल्ल्यापेक्षा ते बरं.

पुस्तक कुठं मिळतं हे लोकांना सांगितलं की काय होतं, त्याचा दाखला मेक्सिको देशात आहे. १९७५ मध्ये तिथे प्रौढ साक्षरतेवर एक टीव्ही मालिका निघाली. अभ्यासाच्या पुस्तिका कुठं मिळतील ते एका भागात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी हजारो लोक त्या ठिकाणी लोटले. अशाच मालिकांपासून धडा घेऊन आपल्याकडे १९८४ मध्ये 'हम लोग' निघाली. म्हणजे लोकांना गोडी नाही, ही सबब खरी नाही. पत्ता आणि वेळ दोन्ही कळायला हवेत.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच एक ओळ लिहा : ग्रंथालय संध्याकाळी अमुक ते अमुक उघडं. आणि घरोघरच्या कारभारणींनो, पुढची मालिका संपेल त्या दिवशी पोराला सांगा, 'जा, फळ्यावरची वेळ बघ, आणि एक पुस्तक घेऊन ये.'