तेंदूपानाची ओल आणि विडी कामगाराची मजुरी

विडी वळण्याआधीचे पहिले काम पाण्याचे असते. उन्हाळ्यात तोडलेली तेंदूची पाने गड्ड्या बांधून उन्हात वाळवली जातात. पूर्ण वाळलेले पान हाताच्या दाबानेही तडकते; म्हणून पोत्यांत भरण्यापूर्वी गड्ड्यांवर पाणी शिंपडले जाते. मात्र सोलापूर, सिन्नर, निजामाबाद किंवा सागर येथील कामगारांच्या घरी पोहोचेपर्यंत पाने पुन्हा कोरडी पडलेली असतात.

घरी विडी वळणाऱ्या महिला ही पाने पाण्यात भिजवून निथळतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून, बहुधा रात्रभर, ठेवतात. खरे महत्त्व या मुरण्याला आहे. पाण्यातून नुकतेच काढलेले पान वरून ओले दिसले तरी ते सर्वत्र सारखे नरम झालेले नसते. झाकून ठेवल्यावर ओल हळूहळू सगळीकडे पसरते. त्यानंतर पत्र्याच्या मापाने कापलेले पान न फाटता वळते. ओल जास्त झाल्यास पानाला बुरशी लागते. पावसाळ्यात हा अंदाज बांधणे अधिक कठीण.

अंदाज चुकल्याचा भुर्दंड कामगारावरच पडतो. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि पाने ठरावीकच दिली जातात. फाटलेल्या पानांची तूट अनेक महिला पदरच्या पैशाने पाने विकत घेऊन भरून काढतात. सदोष विड्या ‘छाट’ ठरवून नाकारल्या जातात, ते वेगळेच. कच्चा माल आणि नाकारलेल्या विड्या यांवरून होणाऱ्या वादांसाठी १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली होती.