इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन, नीच तापमान

प्रथिने, व्हायरस इ. जैव नमुने गोठवून इलेक्ट्रॉन शलाकेने त्यांची संरचना पाहण्याचे तंत्र. सूक्ष्मदर्शकातील निर्वातात ओला नमुना सुकतो. तो सावकाश गोठविल्यास बर्फाच्या स्फटिकांमुळे संरचना विस्कटते. झाक द्युबोशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर उपाय शोधला. द्रव नायट्रोजनाने थंड केलेल्या द्रव एथेनात नमुन्याचा पातळ थर झटकन बुडविला असता पाणी स्फटिकरूप न होता काचेसारखे घट्ट होते. नंतर नमुना द्रव नायट्रोजनाच्या उकळबिंदूजवळच्या (−१९६° से.) तापमानास ठेवतात. शलाकेने हानी होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनांची मात्रा अल्प ठेवावी लागते. त्यामुळे एकेक प्रतिमा अस्पष्ट येते. अशा असंख्य प्रतिमा संगणकाने एकत्रित करून त्रिमितीय संरचना मिळवितात. या कार्याबद्दल द्युबोशे, योआखिम फ्रांक व रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

३०० किलोव्होल्टचा सूक्ष्मदर्शक अतिशय महाग असून त्यास कंपनरहित जागा व द्रव नायट्रोजनाचा नियमित पुरवठा लागतो. म्हणून तो अनेक संस्थांनी मिळून वापरणे सोयीचे ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या आवारात अशी राष्ट्रीय सुविधा आहे. अशा ठिकाणी नमुना आधी लहान सूक्ष्मदर्शकात पारखून घेतात. कारण बर्फाचा थर जाड वा स्फटिकमय असल्यास मोठ्या उपकरणाचा मोलाचा वेळ वाया जातो.