कट-ऑफच्या यादीत आपला आकडा शोधताना

सीईटीचा निकाल लागला की सांगली-सातारा पट्ट्यातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: ‘एवढ्यात वालचंद मिळेल का?’ कऱ्हाड-पाटणकडे वालचंदच्या जोडीला कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव येतं. सांगलीच्या विश्रामबागेतलं कॉलेज 1947 साली धोंडूमामा साठे यांनी ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ म्हणून सुरू केलं आणि 1955 मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. कऱ्हाडचं कॉलेज 1960 चं. दोन्हींचा लौकिक राज्यभर आहे, त्यामुळे जत किंवा दहिवडीच्या मुलाची स्पर्धा गावातल्या पहिल्या नंबराशी नसते, पुण्या-लातूरच्या मुलांशी असते.

पहिला घोळ होतो तो पर्सेंटाइलचा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 2024 मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटातून जवळपास 3 लाख विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. म्हणजे 99 पर्सेंटाइल मिळालेल्या मुलीच्या पुढे सुमारे 3 हजार जण होते, आणि 95 वाल्याच्या पुढे सुमारे 15 हजार. ‘पंच्याण्णव’ ऐकून पेढे वाटणाऱ्या घराला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत धक्का बसतो, तो या हिशेबामुळे. बारावीचे गुण इथे पात्रतेपुरतेच: पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40.

मग अंदाज बांधायचा कशावरून? सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीची कट-ऑफ यादी जाहीर करतो. ती पहिल्यांदा उघडली की डोळे फिरतात. ‘जीओपनएस’, ‘एलओपनएस’, ‘जीओबीसीएच’ असे रकाने, खाली गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा ‘एस’ राज्यस्तराचा, ‘एच’ गृह विद्यापीठाचा आणि ‘ओ’ बाहेरच्या विद्यापीठाचा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे, म्हणून इथल्या मुलांनी जिथे ‘एच’ दिसेल तो रकाना आधी वाचावा. मुलींनी फक्त ‘जी’चा रकाना बघून आशा सोडू नये, 30 टक्के जागा त्यांच्यासाठी आहेत. आणि पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाची तुलना करावी, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाची यादी, भरताना. ‘वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल’ ही समजूत पालकांत घट्ट बसली आहे, आणि ती साफ चुकीची आहे. संगणक गुणवत्ता क्रमांक एकपासून खाली येतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून वाचू लागतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा देतो. पाचव्या पसंतीवर वालचंदचं मेकॅनिकल लिहिलं, तर वरच्या चार मोठ्या नावांमुळे ते निसटत नाही. भीतीपोटी सोपं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकणं मात्र महागात पडतं. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. 2025-26 पासून फेऱ्या चार झाल्या; दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू झाला. म्हणून क्रम लावायचा तो मनापासून हव्या असलेल्या शाखेचा आणि कॉलेजचा, अंदाजाचा नव्हे.

उरतात कागद. ओबीसीच्या मुलाकडे चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र किंवा जात पडताळणी नसेल, तर त्याला खुल्या प्रवर्गात धरलं जातं आणि दोन वर्षांचा अभ्यास एका दाखल्यापाशी अडतो. हे दु:ख टाळता येण्यासारखं आहे, म्हणून ते जास्त बोचतं. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते, तहसीलमध्ये अर्ज साचतात, शेताची कामं आलेली असतात.

घरात कुणी बारावी सायन्सला असेल, तर पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत दिवाळीच्या आधीच द्या.