गंजीतली सुई: मेममेमबद्दलचे काही गैरसमज

सी भाषेच्या लायब्ररीत मेममेम नावाचं एक फंक्शन असतं. मेमरीच्या एका तुकड्यात दुसरा तुकडा कुठे आहे, एवढंच ते सांगतं. जिथे शोधायचं ती गंजी आणि जे शोधायचं ती सुई, ही नावं त्याच्या व्याख्येतच आहेत. काम पोरखेळ वाटावं इतकं साधं, म्हणूनच त्याबद्दल ठाम बोलणारेही पुष्कळ.

गैरसमज: स्टरस्टर असताना याची गरज काय?
मजकुरात मजकूर शोधणारं स्टरस्टर हे फंक्शन शून्य बाइट दिसला की थांबतं, कारण सीमध्ये मजकूर तिथे संपतो. चित्राची फाइल, डिस्कची प्रतिमा, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट यांत शून्यं जागोजागी असतात. मेममेमला दोन्ही लांबी आधीच सांगाव्या लागतात, त्यामुळे शून्य त्याच्या लेखी इतर बाइटसारखंच.

गैरसमज: दोन लूप लिहिले की झालं, आजची यंत्रं वेगवान आहेत.
साध्या मजकुरावर दोन लूप खरंच बरे चालतात, कारण पहिल्या-दुसऱ्या बाइटलाच फरक सापडतो. पण गंजीत 10 लाख शून्यं आणि सुईत 999 शून्यांनंतर एक वेगळा बाइट घ्या. आता प्रत्येक जागी हजाराव्या तुलनेनंतर नकार मिळतो, म्हणजे एकूण जवळपास 100 कोटी तुलना. रिकाम्या डिस्कच्या प्रतिमेत अशी गंजी आयतीच असते. शिवाय शोधायचा मजकूर बाहेरचा माणूस पाठवत असेल, तर तो मुद्दाम अशीच सुई पाठवू शकतो.

गैरसमज: मग पाठ्यपुस्तकातला केएमपी उचलून टाकावा.
कॉलेजात शिकवलेला हा 1977 सालचा अल्गोरिदम अशा गंजीवर फसत नाही, हे खरं. अडचण वेगळीच आहे. त्याला सुईइतका लांब तक्ता लागतो आणि सुईच्या लांबीला मर्यादा नाही. तक्त्यासाठी मॅलॉक करावा आणि मेमरी मिळाली नाही तर? मेममेम ‘नल’ परत देतं त्याचा अर्थ ‘सापडलं नाही’ असा ठरलेला आहे; ‘मेमरी संपली’ हे सांगायला त्याच्याकडे तोंडच नाही. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्यांची पसंती क्रोशमोर आणि पेरँ यांच्या 1991 च्या ‘टू-वे’ पद्धतीला. ती सुईचे नेमक्या जागी दोन भाग करते, आधी उजवा आणि मग डावा भाग ताडून पाहते. जादा मेमरी ठरावीक आणि थोडी, आणि वेळ कधीच गुणाकाराने फुगत नाही. माझ्या मते लायब्ररीच्या कोडची खरी परीक्षा इथे आहे, सरासरी वेगात नाही.

गैरसमज: सुईचा पहिला बाइट झटपट शोधा, मग बाकीचे ताडा.
इंग्रजी मजकुरावर ही युक्ती चालून जाते. मराठीवर ती आपटते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट नेहमी ई0 (षोडशमान पद्धतीत). म्हणजे दर तिसऱ्या बाइटला खोटी हाक! त्यापेक्षा सुईचं शेपूट पाहणं शहाणपणाचं. ‘पुणे’ या शब्दाचे 12 बाइट होतात आणि शेवटच्या मात्रेचा अखेरचा बाइट आहे 87. पण ‘इ’चाही शेवटचा बाइट 87च, फरक त्याच्या आधीच्या बाइटमध्ये, मात्रेला ए5 आणि ‘इ’ला ए4. म्हणून शेवटचे दोन बाइट मिळून पाहिले तर घोळ मिटतो. जीएनयूच्या जीलिबसी या सी लायब्ररीने 2019 च्या 2.29 आवृत्तीपासून नेमकं हेच केलं: दोन बाइटांचा हॅश, स्टॅकवर 256 नोंदींचा छोटा तक्ता. जोडी सुईत नसेल तर ‘पुणे’साठी एकदम 11 बाइटची उडी. सुई 256 बाइटपेक्षा लांब असेल तर मात्र काम टू-वेकडे जातं.

मसल या छोट्या लायब्ररीची वाट निराळी. दोन, तीन, चार बाइटच्या सुयांसाठी ती बाइट एका पूर्णांकात सरकवत नेते आणि थेट संख्या ताडते.

गैरसमज: वेग हवा तर असेंब्लीच हवी.
एकच बाइट शोधणाऱ्या फंक्शनसाठी असेंब्लीचा फायदा मोठा आहे. एका सूचनेत 16 किंवा 32 बाइट तपासता येतात. वर सांगितलेली मेममेमची दोन्ही रूपं मात्र साध्या सीमध्ये आहेत.

मेममेम आजही सीच्या मानकात नाही, पण 2024 च्या पॉझिक्समध्ये आलं आहे. जीलिबसीवर ते वापरताना हेडरच्या आधी जीएनयू सोर्सचा मॅक्रो लिहायला विसरू नका. तो नसेल तर जुने कंपायलर नुसता इशारा देऊन पुढे जातात, उत्तर पूर्णांक समजतात, आणि 64 बिटी यंत्रावर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग गळून पडतो.