पायाखालचं ॲमस्टरडॅम, आकड्यांत

ॲमस्टरडॅममध्ये नजर हटत नाही ती कालव्यांवरून, पुलांवरून आणि एकमेकांना रेलून उभ्या असलेल्या घरांवरून. पण डोकं गरगरवणारे आकडे आहेत ते पायाखाली. डॅम चौकातून निघालात तर ही चारही ठिकाणं पायी होतात.

१३,६५९
चौकातल्या राजवाड्याखाली एवढे लाकडी खांब ठोकलेत. १६४८ साली काम सुरू झालं तेव्हा खाली सगळी दलदल. लाकूड भूजलात बुडालेलं असेपर्यंत हवा लागत नाही, म्हणून कुजत नाही. आकडा पाठ करायची युक्ती सोपी आहे: वर्षाचे दिवस ३६५, आधी १, शेवटी ९.

७,००,०००
मेट्रो खणताना आम्स्टेल नदीच्या जुन्या पात्रातून सुमारे एवढ्या वस्तू निघाल्या. त्यातल्या साडेनऊ हजारांच्या आसपास रोकिन स्थानकात सरकत्या जिन्यांच्या मधोमध काचेआड मांडल्यात. किल्ल्या, फासे, नाणी, चिलिमी आणि मोबाइलसुद्धा! घाईतले प्रवासी शेजारून खाली उतरतात, मान वळवत नाहीत.

४,७००
औडे होखस्ट्राटवरच्या एका दारातून आत विटांचा चौक लागतो. हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची. १६०२ पासून जवळपास दोनशे वर्षांत कंपनीच्या हुकमाने आशियाकडे सुमारे ४,७०० जहाजफेऱ्या निघाल्या, म्हणजे महिन्याला सरासरी दोन. माणसं गेली दहा लाखांच्या घरात. बरीच परतलीच नाहीत. याच रस्त्यावर २२ क्रमांकाचं घर आहे, रुंदी जेमतेम २.०२ मीटर.

०
स्टोपेरा या नगरपालिका-नाट्यगृहाच्या इमारतीत पितळी खुंटी दिसेल. उंची मोजायची ती इथून. ॲमस्टरडॅमचं हे शून्य युरोपातल्या अनेक देशांनी स्वीकारलंय. शेजारी पाण्याने भरलेले काचेचे तीन स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची या क्षणाची पातळी चढते-उतरते. तिसऱ्यात पाणी डोक्याच्या कितीतरी वर, साडेचार मीटरांवर थांबलंय: ही १९५३ च्या महापुराची पातळी. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली.

ज्या स्किपोल विमानतळावर तुम्ही उतरलात, तो या शून्याच्याही तीन-चार मीटर खाली आहे. तिथे पूर्वी हार्लेम सरोवर होतं. वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी १८४९ ते १८५२ दरम्यान त्यातलं सुमारे ८० कोटी घनमीटर पाणी उपसलं. टीएमसीत सांगायचं तर २८. पुण्याची खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली, तर साठा होतो २९.