भयपटांतील दडलेला इतिहास : ‘तुंबाड’ व ‘लपाछपी’ या चित्रपटांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

१९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना नारायण धारप यांची एक भयकथा सांगितली. नागझिऱ्याचे हे जंगल त्या वेळी अविभाजित भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आज हे अभयारण्य दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्या रात्रीच्या कथेने बर्वे यांच्या मनात जे बीज रुजले, त्यातून पुढे पंचवीस वर्षांनी ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट साकार झाला.

भयपट हा प्रकार अभ्यासकांच्या दृष्टीने दीर्घकाळ दुय्यम राहिला आहे. घटकाभर घाबरवणारी करमणूक, एवढीच त्याची ओळख मानली गेली. परंतु भयपटातील भूत पुष्कळदा एखाद्या अन्यायातून जन्मलेले असते आणि तो अन्याय समाजाने नोंदवलेला नसतो. भूत कोणाला छळते, हा कथानकाचा प्रश्न झाला. ते कोणामुळे भूत झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे महाराष्ट्राशी निगडित दोन चित्रपटांचे वाचन कसे करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी :

ज्या गोष्टी मनाने दडपून टाकल्या, त्याच परक्या व भयावह रूपात परत येतात, हा विचार सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१९ मध्ये मांडला. चित्रपट समीक्षक रॉबिन वुड यांनी १९७० च्या दशकात तो समाजाला लागू केला. समाज ज्याला नाकारतो, तेच भयपटात राक्षसाचे रूप घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यापूर्वी १९४७ मध्ये सिगफ्रीड क्राकाउअर यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांत हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या लोकमानसाच्या खुणा शोधल्या होत्या.

जपानमधील ‘गोजिरा’ हे याचे ठळक उदाहरण होय. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीतील किरणोत्सर्ग एका जपानी मासेमारी नौकेवरील खलाशांना बाधला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात अणुचाचण्यांमुळे जागा झालेला अजस्र प्राणी टोकियो उद्ध्वस्त करतो. हिरोशिमा व नागासाकीची आठवण प्रेक्षकांच्या मनात ताजी असताना या प्राण्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

‘तुंबाड’ : पीठ, सोने आणि वारसा :

‘तुंबाड’ हे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून घेतले आहे. कथानक मात्र निराळे आहे. चित्रपटातील पुराणकथा पूर्णतः कल्पित आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सर्व सोने बळकावतो आणि धान्यालाही हात घालू पाहतो. तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचवते, पण एका अटीवर : त्याचे नाव विस्मृतीत जाईल, त्याची पूजा होणार नाही. तरीही तुंबाडच्या एका घराण्याने सोन्याच्या लोभाने त्याचे मंदिर बांधले आणि गावावर अखंड पावसाचा शाप ओढवून घेतला.

नायक विनायक दोराने देवीच्या गर्भात उतरतो, भुकेल्या हस्तरापुढे पिठाची बाहुली टाकतो आणि तो ती खात असताना त्याच्या लंगोटातील मुद्रा ओढून घेतो. या दृश्यातील आर्थिक व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्याजवळ सोने आहे तो उपाशी आहे आणि ज्याच्या हाती पीठ आहे तो त्या उपासमारीवर धनवान होतो. अन्नावरील ताबा हेच सत्तेचे साधन ठरते. धान्याच्या रूपाने खंड व व्याज वसूल करणारी खोती आणि सावकारी याच तत्त्वावर उभी होती.

चित्रपटाचे तीन भाग १९१८ मध्ये, त्यानंतर पंधरा वर्षांनी आणि १९४७ मध्ये घडतात. या सनावळीचे महत्त्व कोकणाच्या इतिहासाशेजारी ठेवल्यावर कळते. १९१८ हे मुंबई इलाख्यात अवर्षणाचे व इन्फ्लुएंझाच्या साथीचे वर्ष होते. विनायक ज्या सुमारास पहिल्या मुद्रा घेऊन पुण्यास परततो, त्याच १९३३ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्षात झाला तो १९४९ मध्ये.

यांपैकी कोणतीही घटना चित्रपटात नाही. जमीन कसणारे कूळही त्यात दिसत नाही. कथा वाड्याच्या आत, ब्राह्मण कुटुंबाच्या वारसाहक्कातच फिरत राहते. हे मौन चित्रपटाची मर्यादा आहे, तसेच ते अर्थपूर्णही आहे. संपत्ती उपभोगणाऱ्या घराला ती कोणाच्या श्रमातून आली हे दिसतच नाही. त्याला फक्त तळघरातील एक भुकेले तोंड दिसते. हस्तराचे नाव देवांनी पुसले, तसे कुळांचे नाव वाड्याच्या आठवणीतून पुसले गेले, असे वाचन येथे करता येते.

१९४७ मध्ये वाडा सरकारच्या ताब्यात जाणार, हे कळताच विनायकाचा मुलगा पांडुरंग एकदम पुष्कळ बाहुल्या नेण्याची कल्पना मांडतो. प्रत्यक्षात जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. अखेरीस बापाने देऊ केलेला लंगोट मुलगा नाकारतो. वारसा स्वीकारताना त्यातील अपराधही स्वीकारावा लागतो आणि तो नाकारण्याची संधी नव्या राष्ट्राच्या पहिल्या पिढीसमोर होती, हा या शेवटाचा राजकीय आशय होय.

‘लपाछपी’ : उसाच्या फडातील भय :

जुन्या वाड्यातील भय भूतकाळाचे म्हणून दूर सारता येते. विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटात ती सोय नाही, कारण तो वर्तमानात घडतो. सावकारांच्या तगाद्यामुळे गरोदर नेहा व तिचा पती उसाच्या फडाने वेढलेल्या एका घरात आश्रय घेतात. तेथे तुळसाबाई ही वृद्धा तिची काळजी घेते. नेहाला लपाछपी खेळणारी मुले दिसू लागतात आणि एका स्त्रीचे भूत तिच्या मागे लागते. या सर्वांच्या मुळाशी जन्मतःच मारल्या गेलेल्या मुली आहेत.

उसाचा फड येथे केवळ भयनिर्मितीचे नेपथ्य नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. ऊस व सहकारी साखर कारखान्यांनी समृद्ध झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रमाण ८३९, तर सांगलीत ८५१ इतके खाली होते. २०११ मध्ये राज्याचे प्रमाण आणखी घसरून ८९४ झाले. धानाच्या गोंदिया जिल्ह्यात ते ९५६ होते. मुलींची संख्या दारिद्र्यामुळे घटते हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. जमिनीची वाटणी, हुंडा आणि तपासणीचे परवडणारे तंत्र ही समृद्धीचीच अंगे आहेत. प्रसूतिपूर्व लिंगनिदानास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला, तरीही ही घसरण थांबली नाही.

चित्रपटात क्रौर्याची सूत्रे एका स्त्रीच्या हाती आहेत. पितृसत्ता पुरुषांच्या अनुपस्थितीतही घरातील ज्येष्ठ स्त्रीकडून चालवली जाते, हे वास्तव त्यातून समोर येते. भूत भयंकर दिसते, परंतु अपराधी जिवंत माणसे आहेत.

अर्थनिर्णयनाच्या मर्यादा :

असे वाचन करताना सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक सावलीत राजकारण शोधल्यास समीक्षा स्वैर होते. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या अमेरिकी चित्रपटात प्रेतांच्या हल्ल्यातून वाचलेला कृष्णवर्णीय नायक अखेरीस गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीकडून मारला जातो. त्या भूमिकेसाठी अभिनेत्याची निवड वर्ण पाहून केली नव्हती, असे रोमेरो सांगत. तरीही मार्टिन ल्यूथर किंग यांची ज्या वर्षी हत्या झाली, त्या वर्षीच्या प्रेक्षकांना त्यात वर्णद्वेष दिसला. अर्थ केवळ दिग्दर्शकाच्या हेतूत नसतो. मात्र तो कथानकातील तपशील व काळाचा पुरावा या दोहोंवर उभा असावा लागतो. उपर्युक्त विवेचनातही चरीचा संप ‘तुंबाड’मध्ये आहे असा दावा नाही, तो तेथे नसण्याचा अर्थ लावला आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व :

पूर्व विदर्भात हा विषय केवळ चित्रपट रसग्रहणाचा नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व त्याच वर्षी कायदा झाला. असे असूनही ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना भरचौकात बांधून मारहाण करण्यात आली. अशा परिसरातून येणारा विद्यार्थी भयपट पाहतो, तेव्हा भूत खरे की खोटे एवढ्यावरच चर्चा थांबली तर तो एक तर घाबरतो किंवा हसतो.

शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत : या कथेत प्रथम अन्याय कोणी केला? त्याचा लाभ कोणाला मिळाला? आणि भयाचे बोट पीडिताकडे वळवले आहे की अपराध्याकडे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पीडित स्त्रीलाच चेटकीण ठरवणारा चित्रपट आणि वृद्धेवर करणीचा आळ घेणारा जमाव यांची विचारपद्धती एकच असते. याउलट ‘लपाछपी’सारखा चित्रपट भुताकडून माणसाकडे, दैवाकडून कारणाकडे नेतो.

निष्कर्ष :

‘तुंबाड’ वारशाने आलेल्या संपत्तीमागील उपासमार दाखवतो, तर ‘लपाछपी’ समृद्ध शिवारातील बेपत्ता मुलींचा हिशेब मागतो. दोन्ही चित्रपटांत अलौकिकाचा पडदा दूर केला असता जमीन, धान्य, वारसा व लिंगभेद हे लौकिक प्रश्न उघडे होतात. मात्र पडदा दूर करण्याचे काम चित्रपट आपोआप करीत नाही. प्रश्न विचारणारा प्रेक्षक घडला नाही, तर ही भुते केवळ भुतेच राहतात आणि अपराधी सुटतो. असा प्रेक्षक घडविण्यास महाविद्यालयाचा वर्ग हे योग्य स्थान आहे.